पुण्याला वंदे भारतनं जावं की हायवेनं? दर आठवड्याला जाणाऱ्या कोल्हापूरकरासाठी

नोकरी पुण्यात आणि घर कोल्हापुरात असं जमवता येईल का, आणि जमवायचं तर दर आठवड्याला जायचं-यायचं कशानं? हल्ली बरेच जण मला हे विचारतात, कारण मी तेच करतोय. आठवड्यात दोन-तीन दिवस ऑफिसला या, बाकी घरून केलं तरी चालेल असं कंपन्यांनी म्हटल्यापासून माझ्या ओळखीतलीच कितीतरी पोरं पुण्यातला फ्लॅट सोडून परत राजारामपुरी, साने गुरुजी वसाहत, कळंब्याला राहायला आलीत. ज्यांचं अजून ठरत नाहीये त्यांच्यासाठी हे लिहितोय. डब्यात सीटा किती, बसमध्ये चार्जिंग पॉइंट आहे का नाही, हे तुम्हाला माहीत असणार, त्यात जात नाही.

तुलना दोघांचीच करतो. एका बाजूला वंदे भारत आणि दुसऱ्या बाजूला हायवे, मग तो एसटीनं असो, ट्रॅव्हल्सनं असो की स्वतःच्या गाडीनं. विमानाचा विषय पुण्यासाठी निघतच नाही, उजळाईवाडीचं विमानतळ मुंबई, हैदराबाद, बेंगळुरूवाल्यांसाठी ठीक आहे. रात्रीच्या स्लीपर बसचंही एका वाक्यात सांगतो. रात्री अकराला कावळा नाक्यावरून बसायचं, मध्ये ढाब्यावर लाइट लावून सगळ्यांना उठवणार, आणि पहाटे साडेतीन-चारला अंधारात कात्रज नाहीतर वाकडच्या पुलाखाली उतरवणार, धड झोपही नाही आणि धड सकाळही नाही. विशी-पंचविशीत चालून जातं, दर आठवड्याला नको.

आता आकडे बघायला गेलं तर हायवेच पुढं आहे हे आधीच मान्य करतो. कोल्हापूर-पुणे रस्त्यानं साधारण २३० किमी. रेल्वेनं ३२६. म्हणजे रेल्वेला जवळजवळ शंभर किमीचा वळसा. गाडी आधी पूर्वेला मिरजेला जाणार, मग सांगली, किर्लोस्करवाडी, कराड, सातारा, आणि साताऱ्यानंतर हायवे सरळ खंबाटकी चढून शिरवळला उतरतो तिथं आपली गाडी वाठारवरून आदर्कीचा घाट उतरून लोणंद, नीरा, जेजुरी असं फिरून पुण्यात शिरणार. हा रूळ आज कुणी वेगासाठी आखलेला नाही. कोल्हापूर-मिरज रेल्वे सुरू झाली १८९१ साली, संस्थानच्या काळात. डोंगराला वळसे घालत, घाटात वळणं घेत जाणारा हा सगळा मार्ग, आणि त्यावर १६० च्या वेगासाठी बनवलेली गाडी आणून ठेवली तरी वळणं काय सरळ होत नाहीत. १६ सप्टेंबर २०२४ ला पुणे-कोल्हापूर वंदे भारत सुरू झाली तेव्हाचं वेळापत्रक बघा, कोल्हापूरहून सकाळी ८.१५ ला सुटून पुण्याला दुपारी १.३०. सव्वापाच तास. सरासरी काढली तर ताशी ६२ च्या आसपास.

हायस्पीड रेल्वे ज्याला जगात म्हणतात ती वेगळी गोष्ट आहे. तिथं नवीन, सरळ, वेगळा रूळ टाकतात आणि त्यावर ताशी २५० किंवा त्याच्या वर गाडी पळते. जपाननं ऑक्टोबर १९६४ मध्ये टोकियो-ओसाका सुरू केली तेव्हा हेच केलं, जुना अरुंद रूळ तसाच ठेवून शेजारी नवीन रुंद रूळ टाकला, फाटकं नाहीत, मालगाड्या नाहीत. ते अंतर आहे ५१५ किमी. आपलं कोल्हापूर-मुंबई रेल्वेचं अंतर जवळपास तेवढंच, ५१८ च्या आसपास. त्यांना नवा रूळ व्हायच्या आधी साडेसहा तास लागायचे, पहिल्या वर्षी चार तास झाले, पुढच्या वर्षी ३ तास १० मिनिटं, आता अडीच तासांच्या आत-बाहेर. आपली मुंबईची महालक्ष्मी एक्सप्रेस अजून रात्रभर चालते. हे वाचून चिडायचं कारण नाही, पण अंतर सारखंच असताना दोन शहरांचं नातं किती वेगळं होऊ शकतं हे या एका तुलनेत कळतं.

आणि खरा फरक नात्यातच पडतो. स्पेनमध्ये १९९२ साली माद्रिद-सेव्हिया हायस्पीड लाइन सुरू झाली, तिच्यावर मध्येच सिउदाद रेआल नावाचं गाव लागतं, लाखाच्या आतल्या वस्तीचं. माद्रिदपासून पावणेदोनशे किमीच्या आसपास. गाडी तासाभरात माद्रिदला पोचवायला लागली आणि लोक रोज जाऊन-येऊन नोकरी करायला लागले, रोजच्या प्रवाशांसाठी पास निघाले, आणि उलट्या बाजूनं गावातल्या युनिव्हर्सिटीत शिकवणारे प्राध्यापक माद्रिदला राहून तिकडे येऊ लागले. सकाळी जाऊन संध्याकाळी घरी जेवायला येता येतं का, एवढ्या एकाच गोष्टीवर माणूस घर कुठं घ्यायचं, पोरांना शाळेत कुठं घालायचं, आईवडिलांजवळ राहायचं का नाही हे ठरवतो. दोन तासांच्या आत आलं की शहर रोजच्या टप्प्यात येतं, त्याच्या वर गेलं की आठवड्याचं होतं. पुणे आपल्यासाठी आज आठवड्याचं शहर आहे, रेल्वेनं जा नाहीतर हायवेनं जा. त्यामुळं 'कोण जास्त फास्ट' हा प्रश्न माझ्या मते इथं चुकीचाच आहे, दोघंही पाच तासांच्या घरातले.

मग मी कशावरून ठरवलं? एकाच गोष्टीवरून. हायवेनं निघालं की किती वाजता पोचणार हे कुणालाच सांगता येत नाही.

हे जरा नीट सांगतो, कारण माझ्यासाठी सगळा निर्णय इथंच झाला. कागल ते सातारा रस्त्याचं सहापदरीकरण सुरू झाल्यापासून हायवेवर कधी कुठं डायव्हर्जन लागेल, कुठला पूल अर्धा असेल, याचा नेम नाही. एकदा पहाटेच्या बसनं निघालो होतो, पुण्यात बाराची मीटिंग, म्हणजे भरपूर वेळ हातात. कराड सोडून उंब्रजच्या अलीकडे बस सर्व्हिस रोडला उतरली आणि पुढं ऊसवाहतुकीचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूनं बाहेर आलेला, रस्ता एका गाडीचा, ओव्हरटेक करायला जागाच नाही. ट्रॉलीतला एखादा ऊस सुटून पडायचा, मागचा बाइकवाला चुकवायचा, आणि आम्ही सगळे त्याच वेगानं मागं मागं. मोबाइलवर नकाशा उघडून बसलो होतो. पोचायची वेळ आधी ११.१० दाखवत होता, मग ११.२५, मग ११.५०. साताऱ्याच्या पुढं वाटलं आता निघाली, तर खंबाटकीच्या आधी परत लाल. कंडक्टरला विचारलं तर तो बिचारा काय सांगणार, 'बघू, घाट मोकळा मिळाला तर' म्हणाला. ऑफिसमधून मेसेज येतोय किती वाजता येतोस, आणि माझ्याकडे उत्तर नाही. उशीर झाला याचं इतकं काही नाही, उशीर कशानंही होतो. पण ते तीन-साडेतीन तास मी काही वाचलं नाही, काही काम केलं नाही, डोळा लागला नाही, नुसता नकाशाकडे बघत बसलो. त्या बसमध्ये त्या दिवशी बहुतेक सगळे तेच करत होते.

स्वतःची गाडी असली तर हाच त्रास दुप्पट, कारण तेव्हा स्टिअरिंगही तुमच्याच हातात. किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर असे चार टोल आणि शेवटी नवले पुलाचा उतार, तिथं पोचेपर्यंत माणूस थकलेला असतो. दर आठवड्याला हे करणारे मित्र आहेत माझे, त्यांना जमतं, मला नाही जमलं.

रेल्वेत हे होत नाही असं म्हणत नाही, गाडी लेट होऊ शकते. कोल्हापूर-मिरज तुकडा एकेरीच आहे. पण पुणे-मिरज दुहेरीकरणाचं काम जसजसं पुढं सरकत गेलं तसतसं क्रॉसिंगसाठी कुठल्या तरी छोट्या स्टेशनवर ताटकळत थांबणं कमी होत गेलं, आणि वंदे भारतला पुढं काढतातही. माझा अनुभव असा की गाडीत बसलं की दुपारी साधारण दीडला पुणे, हे धरून चालता येतं. थोडं मागं-पुढं होईल. पण दीड म्हणजे दीडच्या आसपास, साडेतीन नाही. मग त्या पाच तासांत मी लॅपटॉप उघडतो. वाठार ते लोणंद नेटवर्क जातं-येतं, त्यामुळं जे ऑनलाइन करायचं ते सांगली-कराडपर्यंत उरकायचं आणि घाटात मेल लिहून ठेवायचे. म्हणजे हे पाच तास माझ्या ऑफिसच्या तासांतच मोजले जातात. हायवेचे साडेचार तास कशातच मोजले जात नाहीत.

जपानच्या त्या गाड्यांबद्दल लोक वेगाचं कौतुक करतात, पण तिथला सरासरी उशीर एक-दोन मिनिटांच्याच घरातला असतो ही मला जास्त मोठी गोष्ट वाटते. लोक घड्याळ धरून आयुष्य आखू शकतात ते त्यामुळं. वेग दुप्पट झाला आणि भरवसा नसला तर माणूस परत एक तास आधीच घरातनं निघणार, मग वाचलेला वेळ गेला कुठं?

दुसरी गोष्ट, जी कुणी लिहीत नाही पण घरात सगळ्यांना माहीत आहे, टॉयलेट. आमच्या नात्यातल्या बायका बसनं पुण्याला जायचं असलं की सकाळपासून पाणी पीत नाहीत. शुगर असलेल्या माणसाचे तर हालच. एकदा बस डायव्हर्जनमध्ये अडकली की मध्ये थांबवायलाही जागा नसते. रेल्वेत हा प्रश्नच नाही. आईला घेऊन जायचं असलं की मी दुसरा विचारच करत नाही.

पण हायवेच्या बाजूनंही बोललं पाहिजे, नाहीतर तुलना कसली. पहिलं म्हणजे पैसे. वंदे भारतचं चेअर कारचं तिकीट सुरुवातीला ११६० च्या आसपास होतं, एसी बसच्या जवळपास दुप्पट. त्यात एसटीमध्ये मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरच्या वरच्यांना त्याच्या आधीपासून फुकट. चार माणसांचं कुटुंब असेल तर हा फरक डोळ्यात भरतो, आणि माझ्या मते ज्यांनी या सवलतीमुळं पहिल्यांदा एकटीनं पुण्याला जाऊन लेकीचं बाळंतपण केलं अशा बायकांसाठी एसटीनं जे केलंय ते कुठल्याही फास्ट गाडीनं अजून केलेलं नाही.

दुसरं, दिवस. ही गाडी रोज नाही. कोल्हापूरहून सोमवार, गुरुवार, शनिवार आणि पुण्याहून परत बुधवार, शुक्रवार, रविवार दुपारी सव्वादोनला. म्हणजे एका दिवसात जाऊन येणं शक्यच नाही, ज्याला पुण्यात फक्त एक सही करायचीय त्यानं पहाटेची बस धरावी हे बरं. सीबीएसवरून, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावरून, बस कायम मिळते, आणि चुकली तर दुसरी, हा बसचा मोठा गुण आहे. गंमत म्हणजे आपलं स्टेशन आणि सीबीएस हाकेच्या अंतरावर, त्यामुळं सुरुवातीला कुणालाच फायदा नाही, फरक पडतो पुण्यात. सिंहगड रोड, धायरी, कात्रज, बिबवेवाडी इकडे राहत असाल तर बस तुम्हाला दारात सोडल्यासारखी सोडते आणि रेल्वे उलट लांब नेते. पुणे स्टेशनला मेट्रो आहे, वनाज किंवा रामवाडीच्या बाजूला जाणाऱ्यांचं भलं झालं, मला तिचाच उपयोग होतो. हिंजवडीवाल्यांना मात्र स्टेशनपासून पुढचा तास-दीड तास वेगळा धरावा लागेल.

हायस्पीडवाल्यांनाही हा शेवटच्या टप्प्याचा प्रश्न सुटलेला नाही बरं का. नवीन सरळ रूळ टाकायचा तर स्टेशन गावाबाहेर जातं. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन, ५०८ किमी, १२ स्टेशनं, तिचं सुरतचं स्टेशन शहराबाहेर अंत्रोलीला आहे. उद्या कधी आपल्याकडं तशी लाइन आली तर ती काय स्टेशन रोडला येणार नाही, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या माळावर कुठंतरी येईल, आणि तिथून बिंदू चौकात यायला किती वेळ लागतो हे संध्याकाळी तावडे हॉटेलजवळ उभं राहिलेल्याला सांगायला नको.

पावसाळ्यात दोघंही सारखेच. ऑगस्ट २०१९ मध्ये शिरोलीजवळ पंचगंगेचं पाणी हायवेवर आलं आणि वाहतूक कित्येक दिवस बंद राहिली, २०२१ ला परत तेच. आणि त्याच २०१९ च्या जुलैमध्ये मुंबईहून निघालेली महालक्ष्मी बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकली, हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. जुलै-ऑगस्टमध्ये कुठलंच तिकीट रद्द न होणारं काढू नका, एवढंच.

एक भीती मात्र मला प्रामाणिकपणे वाटते. गाडी खरंच फास्ट झाली, पुणे दीड तासावर आलं, तर कोल्हापूरचं भलं होईल की पुण्याचं? फास्ट गाडी दोन्ही दिशेनं चालते. आज कोकणातनं, निपाणी-बेळगावकडनं पेशंट कोल्हापूरला येतात, लग्नाचा बस्ता बांधायला महाद्वार रोडला येतात. उद्या त्यातले पैसेवाले सरळ पुणे गाठतील. जपानमध्येही लहान शहरांतली ऑफिसं बंद होऊन मोठ्या शहरात गेल्याची उदाहरणं आहेत. तैवानमध्ये २००७ ला हायस्पीड सुरू झाली आणि पाच-सहा वर्षांत तैपेई-काओश्युंग विमानसेवाच बंद पडली, म्हणजे अशी गाडी आधीची घडी मोडते हे नक्की, कुणाची मोडेल ते ज्या त्या गावावर आहे.

याच्या उलट एक गोष्ट आपल्याकडं नुकतीच घडली. हायकोर्टाच्या एका तारखेसाठी इथले पक्षकार आणि वकील वर्षानुवर्षं रात्री महालक्ष्मीत बसायचे, सकाळी मुंबई, कोर्टात तारीख पडली की परत रात्रीची गाडी. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गचे लोक आता इकडे येतात. गाडी जराही फास्ट झाली नाही, तरी हजारो लोकांचे दोन-दोन दिवस वाचले. म्हणून मला वाटतं आपण नुसती फास्ट गाडी मागू नये, त्याबरोबर कोल्हापूरला यायला कारणंही मागावीत. कोर्ट आलं तसं आयटी पार्क, मोठं सरकारी हॉस्पिटल, आणि तो कोल्हापूर-वैभववाडी रूळ, ज्याची आपण किती वर्षं वाट बघतोय, तो झाला तर कोकण थेट आपल्याशी जोडलं जाईल. माझ्या मते कोल्हापूरला त्याचा उपयोग पुण्याच्या गाडीपेक्षा जास्त होईल, पण तो वेगळा विषय आहे.

तर ठरवायचं कसं. एका दिवसात परत यायचंय, घर कात्रजच्या बाजूला आहे, किंवा तिकिटाचे पैसे मोजून खर्च करायचेत, तर बस घ्या, त्यात काही कमीपणा नाही. सामान खूप आहे, लहान पोरं आहेत, तर स्वतःची गाडी, पण उसाचा सीझन आणि रविवार संध्याकाळ टाळून. मात्र दर आठवड्याला जायचंय, दोन रात्री पुण्यात राहायची सोय आहे आणि प्रवासात काम करता येण्यासारखं आहे, तर मी तरी वंदे भारतच सांगेन. सोमवारी सकाळी निघायचं, दुपारनंतर ऑफिस, मंगळवार पूर्ण, बुधवारी सकाळी थोडं लवकर जाऊन दुपारी सव्वादोनची धरायची, रात्री आठच्या सुमारास घरी. गुरुवार-शुक्रवारचंही जमतं, पण त्यात ऑफिसचा पूर्ण दिवस एकही मिळत नाही.

आणि एक, जे नवीन लोकांच्या लक्षात येत नाही. ज्या दिवशी पुण्याहून कोल्हापूरची गाडी नसते त्यातल्या सोमवार, गुरुवार, शनिवारी दुपारी हुबळीची वंदे भारत असते, ती मिरजेला थांबते. काम लवकर संपलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं नसेल तर तिनं मिरजेला उतरायचं, पुढचे पन्नास किमी पॅसेंजर मिळाली तर पॅसेंजर नाहीतर एसटी. जाताना बुधवार, शुक्रवार, रविवारी उलट, सकाळी मिरजेला जाऊन ती पकडायची. वेळा बदलत असतात, तेवढं वेळापत्रक बघून घ्या, आणि खिडकी पाहिजे असेल तर तिकीट आठ-दहा दिवस आधी काढा, सोमवारची लवकर भरते.